चालू नोकरीतल्या साहेबांकडं एमबीएचं शिफारसपत्र मागायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, साडेतीन वर्षं प्रॉडक्शनला असलेला एक इंजिनियर, त्याला आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) आणि परदेशात दोन ठिकाणी एमबीएला अर्ज करायचाय, फॉर्ममध्ये सध्याच्या साहेबांचं शिफारसपत्र मागितलंय, आणि पोरगं अडकलंय. विचारलं तर इन्क्रिमेंट जाईल, नाही विचारलं तर अर्ज लंगडा पडेल, आणि विचारलंच तर साहेब म्हणणार "तूच लिहून आण, मी सही करतो".

भावा, मी गोकुळ शिरगावला कास्टिंगच्या धंद्यात २७ वर्षं आहे, त्यातली शेवटची १४ प्लँट हेड म्हणून. माझ्या हाताखालच्या पोरापोरींसाठी अशी बरीच पत्रं लिहिलीत, काहींना नाहीही म्हटलंय, आणि तरुणपणी मी स्वतः मागायला गेलो होतो तेव्हा काय झालं तेही पुढं सांगतो. त्यामुळं जरा लांबलं तर वाच निवांत.

आधी पत्र खरंच लागतंय का ते बघ. कॅट देऊन आयआयएमच्या दोन वर्षांच्या कोर्सला किंवा सीईटी देऊन आपल्याकडच्या कॉलेजला जायचं असेल तर साहेबांच्या पत्राचं काम पडत नाही, मग महिनोन् महिने आधी ऑफिसात बोभाटा कशाला. बाहेरच्या कॉलेजांचं वेगळं. हार्वर्ड, स्टॅनफर्ड, इन्सियाड दोन पत्रं मागतात, एमआयटी स्लोन एक मागतं, आणि स्टॅनफर्ड तर सरळ सांगतं की त्यातलं एक तुझ्या सध्याच्या थेट साहेबांचं पाहिजे. तुझ्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या साइटवर जाऊन किती पत्रं आणि कुणाची हे एका कागदावर लिहून काढ, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नको, नियम वर्षाला बदलतात.

आता खरा मुद्दा. आपल्याकडं "शिफारस" म्हटलं की माणसाच्या डोक्यात पहिला येतो वशिला. तू साहेबांना नुसतं "शिफारसपत्र पाहिजे" म्हणालास तर निम्मे साहेब म्हणतील, अरे माझं कोण ऐकतंय तिकडं, थांब आमदारांचं पत्र घेऊन देतो, आणि ते मनापासूनच म्हणतील. माझ्याकडच्या एका पोराच्या वडिलांनी खरंच तसं पत्र आणलं होतं, भारी लेटरहेड, खाली शिक्का, आणि आत पोराच्या कामाबद्दल एक ओळ नाही. तसल्या पत्राचा तिथं काही उपयोग नाही. त्यांना पाहिजे साक्षीदार, ज्यानं तुला रोज काम करताना, चुकताना, चूक निस्तरताना डोळ्यांनी पाहिलंय असा. आपल्या कोल्हापूरच्या माणसाला हे समजवायला मी एक उदाहरण देतो. १९२० साली माणगावला बहिष्कृतांची परिषद झाली, शाहू महाराजांनी बाबासाहेबांना पाठबळ दिलं, आणि त्याच वर्षी बाबासाहेब राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. त्यांच्याबद्दल लंडनमधल्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना पत्र लिहिलं ते कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापक सेलिग्मन यांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ते शिकले होते त्यांनी. महाराजांची मदत मोठीच, पण अभ्यासाची साक्ष द्यायची ती शिकवणाऱ्यानं. तुझ्या साहेबांना हे असं सांगितलंस तर त्यांच्या लगेच लक्षात येईल की त्यांचंच पत्र का पाहिजे आणि मोठ्या माणसाचं का नको.

कधी विचारायचं, यावर मी जरा स्पष्ट बोलतो. ही कॉलेजं अर्ज टप्प्याटप्प्यानं घेतात, त्याला राउंड म्हणतात. पहिल्या राउंडच्या तारखा साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीला असतात आणि दुसऱ्याच्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि बऱ्याच ठिकाणी तुझा अर्ज आणि साहेबांचं पत्र दोन्ही त्याच तारखेला पोचायला लागतं. आता आपल्याकडचं कॅलेंडर बघ. जुलै ऑगस्टमध्ये पंचगंगा कधी पात्राबाहेर येईल सांगता येत नाही, त्यानंतर गणपती, गणपतीत निम्मी माणसं रजेवर आणि उरलेल्यांवर डिस्पॅचचा ताण, त्यात साहेब मंडळाचे अध्यक्ष असतील तर विसर्जनापर्यंत लॅपटॉप उघडत नाहीत. म्हणून पहिल्या राउंडला जायचं असेल तर जूनमध्ये विचार आणि गणपती बसायच्या आत पत्र अपलोड होईल असं बघ. दुसरा राउंड असेल तर दिवाळीच्या आधी विचारून ठेव, दिवाळीनंतर दोन महिने आहेत असं वाटतं पण ते कुठं जातात कळत नाही.

जूनचा अजून एक फायदा म्हणजे एप्रिलचं इन्क्रिमेंट तोवर होऊन गेलेलं असतं. इन्क्रिमेंटचं पत्र हातात येईपर्यंत थांबलास तर त्यात मला काही वावगं वाटत नाही, मागच्या वर्षीच्या कामाचे ते पैसे आहेत, पुढच्या वर्षीच्या इमानाचे नाहीत. पण एका बाबतीत थांबू नको. कंपनी तुला बाहेर ट्रेनिंगला पाठवायच्या विचारात असेल, दोन वर्षांचा बाँड समोर ठेवणार असेल, किंवा नव्या कस्टमरची लाइन तुझ्या नावावर उभी करणार असेल, तर त्यांनी खर्च करायच्या आत सांग. ते लपवून ट्रेनिंग घेतलंस आणि आल्यावर पत्र मागितलंस तर साहेब जे काय बोलतील ते मी पण बोलेन. इन्क्रिमेंटची भीती मला कळते, घर चालवायचं असतं, पण तो धोका एका वर्षाचा आहे, या दुसऱ्या प्रकारानं तुटलेलं माणूस परत मिळत नाही, आणि आपलं गाव एवढं आहे की शिरोलीत भांडलेला माणूस कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत परत भेटतोच.

साहेबांच्या कानावर ही गोष्ट पहिल्यांदा तुझ्याच तोंडून गेली पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं. मी तरुण असताना इथंच चुकलो. माझी तेव्हाची कंपनी, नाव नको, तिथं मी कँटीनमध्ये दोघांना सांगितलं की मी एमबीएचं बघतोय, त्यातल्या एकाचा मेहुणा आमच्या साहेबांच्या शेजारी राहायचा. मी विचारायला गेलो तेव्हा साहेबांना आठ दिवस आधीच माहीत होतं. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले "तुझं ठरलंच आहे तर बघ", आणि पुढच्या महिन्यात नव्या मोल्डिंग लाइनच्या टीममधून माझं नाव गेलं. पत्र मिळालं नाही, त्या वर्षी अर्जही राहिला. मला वर्षभर वाटायचं की साहेब कोत्या मनाचे, पण आज त्यांच्या खुर्चीत बसल्यावर कळतं की मी जातोय याचं त्यांना काही नव्हतं, त्यांना ते दुसऱ्याच्या तोंडून कळलं याचं वाईट वाटलं होतं. त्यामुळं बायको, आईवडील सोडून कुणाला आधी सांगू नको, रंकाळ्याच्या कट्ट्यावरच्या जिगरी दोस्ताला पण नको.

विचारायचं समोरासमोर. व्हॉट्सॲपवर नको, शॉपफ्लोअरवर चालता चालता नको, महिनाअखेरीला नको, कस्टमर ऑडिटच्या आठवड्यात तर अजिबात नको. "सर, माझं एक वैयक्तिक काम आहे, वीस मिनिटं पाहिजेत, तुमच्या सवडीनं" असं सांगून वेळ माग. आणि बोलताना उगाच लांबण लावू नको, आधी बरं वाटेल असं काहीतरी बोलून मग मुद्द्यावर यायची गरज नाही. मी पोरांना असं बोलायला सांगतो: "सर, पुढच्या वर्षी एमबीएला जायचा विचार आहे. मिळेलच असं नाही, पण प्रयत्न करतोय. माझं काम सगळ्यात जवळून तुम्ही पाहिलंय, म्हणून पहिल्यांदा तुम्हाला सांगतोय. माझ्याबद्दल मनापासून चांगलं लिहिता येईल असं तुम्हाला वाटत असेल तर पत्र द्याल का? लगेच सांगू नका, आठवडाभर विचार करा, नाही म्हणालात तरी माझ्या कामात फरक पडणार नाही." यातलं "मनापासून चांगलं लिहिता येईल असं वाटत असेल तर" हे वाक्य गाळू नको. साहेबांना नाही म्हणायला वाट ठेवायलाच पाहिजे. भिडेखातर हो म्हणून दिलेलं कोमट पत्र नकारापेक्षा वाईट, कारण नकार मिळाला तर तू दुसरा माणूस शोधू शकतोस आणि कोमट पत्र गेलेलं तुला कळत पण नाही. लगेच दुसरं वाक्य तयार ठेव, की मिळालं तर अमुक महिन्यात जाईन, तोवर कुणाला तयार करायचं ते तुम्ही सांगा, मी शिकवून जाईन. मालकाला ऐकायचं असतं ते हे.

आता "तूच लिहून आण, मी सही करतो". हे दहातले आठ साहेब म्हणतात आणि त्यात त्यांचं काही वाईट नसतं, एक्सपिरियन्स लेटर, बँकेचं पत्र, व्हिसाचं पत्र सगळं आपल्याकडं असंच होतं. पण इथं हो म्हणू नको. एक तर कॉलेजं स्पष्ट सांगतात की अर्जदारानं पत्र लिहायचं नाही, हा साधा खोटेपणा आहे, आणि प्रवेश मिळाल्यावर बऱ्याच ठिकाणी पार्श्वभूमी तपासतात तेव्हा साहेबांना फोन जाऊ शकतो, समोरून विचारलं की तुम्ही लिहिलेल्या अमुक प्रसंगाबद्दल सांगा आणि साहेब म्हणाले कुठला प्रसंग, तर मिळालेली सीट जाते. दुसरं, आपलं आपल्याला कळत नाही पण माणसाची लिहायची ढब असते, तेच शब्द, तशीच वाक्यं, तुझा निबंध आणि दोन्ही पत्रं एकाच हातची असली तर रोज असले शेकडो अर्ज वाचणाऱ्याला ते दिसतं. आणि तिसरं जे मला सगळ्यात जास्त वाटतं, तू स्वतःबद्दल लिहिलेलं पत्र नेहमी कमीच पडतं. तुला लाजेनं मोठं लिहवत नाही नाहीतर घाबरून फार मोठं लिहितोस, आणि साहेबांनी तुझ्यात काय पाहिलंय ते तुला माहीतच नसतं.

मग करायचं काय, तर त्यांचं लिहायचं काम तू करू नको, आठवायचं काम हलकं करून दे. एक पान, दोन्ही बाजू नकोत, एकच. त्यावर साडेतीन वर्षांतली चार-पाच कामं तारखेसकट, आधी आकडा काय होता, नंतर काय झाला, आणि तेव्हा साहेब तुला काय म्हणाले होते. स्वतःची स्तुती नको, विशेषणं नको, नुसत्या घटना. चुका पण घाल, त्या तर नक्की घाल. सोबत फॉर्मचे प्रश्न प्रिंट काढून दे, कारण साहेबांना वाटत असतं लेटरहेडवर एक पत्र द्यायचंय, प्रत्यक्षात तो ऑनलाइन फॉर्म असतो. बरीच कॉलेजं जीमॅट ही एमबीएची प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या जीमॅक संस्थेचा सामाईक फॉर्म वापरतात, त्यात तुमचा संबंध काय हे ५० शब्दांत, मग इतर चांगल्या माणसांच्या तुलनेत याचं काम कसं आहे ते उदाहरणासकट ५०० शब्दांत, आणि मग तुम्ही याला दिलेला सगळ्यात महत्त्वाचा सुधारणेचा सल्ला कोणता आणि यानं तो कसा घेतला ते अजून ५०० शब्दांत. शिवाय माणसाच्या अंगच्या गुणांचा एक तक्ता भरायचा असतो.

तुलनेचा प्रश्न कसा भरतात ते माझ्यावरून सांगतो. मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हा हार्डवर्किंग, सिन्सियर, पंक्च्युअल, टीम प्लेयर असले वीस शब्द घातले आणि काम झालं म्हणून उठलो. तो मुलगा खरंच चांगला होता आणि त्या पत्रातून तो कुणालाही दिसला नसता. परत बसलो, आणि आठवलं की एकदा रात्री दोनला त्यानं मोल्डिंग लाइन थांबवली होती, साच्याच्या सँडमध्ये ओलावा जास्त झालाय असं त्याला वाटलं म्हणून, सुपरवायझर नको म्हणत असताना. सकाळी मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. दोन दिवसांनी त्याच्या आधी ओतलेल्या हीटचे, म्हणजे भट्टीच्या घाण्याचे, कास्टिंग फेटलिंगला, म्हणजे साफसफाईला, गेले तर ब्लो होलनं, हवेच्या भोकांनी, भरलेले, आणि त्यानं थांबवून परत चालू केल्यानंतरचे स्वच्छ. मी जाऊन त्याला सॉरी म्हणालो होतो. हे सगळं जसंच्या तसं लिहिलं, माझ्या झापण्यासकट. असला प्रसंग तुझ्या साहेबांच्या डोक्यात कुठंतरी आहे, तुझ्या एका पानानं तो वर यायला पाहिजे, बस्स.

दुसरी एक मुलगी, आमच्या क्वालिटीतली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, आमचा माल नदीच्या अलीकडं आणि कस्टमर पुण्याला, लाइन थांबायची वेळ. हिनं काय केलं, रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळेला कस्टमरला फोन करून आज काय आहे आणि काय नाही ते खरं सांगायचं, तारीख द्यायची नाही कारण तारीख कुणालाच माहीत नव्हती, आणि आमचेच काही पार्ट पुण्याच्या बाजूला मशीनिंगला गेलेले होते ते शोधून, तपासून तिथूनच पाठवले. तिच्या पत्रात मी एवढंच सविस्तर लिहिलं. लीडरशिप हा शब्द मी कुठंही वापरला नाही.

सुधारणेच्या सल्ल्याच्या प्रश्नाला आपले साहेब बिचकतात, त्यांना वाटतं दोष लिहिला तर पोराचं नुकसान होईल, मग लिहितात "हा फार जास्त काम करतो". असं लिहिलं की पत्राचं वजन जातं, वाचणाऱ्याला वाटतं एक तर हा साहेब याला ओळखत नाही नाहीतर लपवतोय. तू स्वतः होऊन साहेबांना सांग की सर, मला तुम्ही बोलला होता ते लिहा, बिनधास्त लिहा. त्या लाइन थांबवणाऱ्या मुलाचा दोष असा होता की सगळं स्वतः करायचा, ऑपरेटरला शिकवायचा नाही, सुट्टीवर गेला की लाइन अडायची. मी त्याला सांगितलं, त्याला राग आला, आठवडाभर नीट बोलला नाही, आणि मग दोन ऑपरेटर असे तयार केले की पुढच्या दिवाळीला त्याला कुणी फोन केला नाही. त्याचा राग पण मी लिहिला. तक्त्याचं पण तसंच, सगळीकडं सगळ्यात वरची खूण केली की एकाही खुणेला किंमत राहत नाही.

साहेबांना इंग्रजी लिहायचा कंटाळा असेल किंवा संकोच असेल तर, आणि आपल्याकडं कसलेले फाउंड्रीवाले आहेत ज्यांना कपोला, म्हणजे भट्टी, तापलेली नुसत्या रंगावरून कळते पण इमेल दुसरा टाइप करतो, तर त्यांनी मराठीत बोलावं आणि टाइप त्यांच्या घरातल्या कुणीतरी, मुलीनं, पुतण्यानं, नाहीतर एचआरनं करावं. भाषांतर तू करू नको. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, तिथं साहेबांच्या इंग्रजीला मार्क नाहीत. आणि पत्र गेल्यावर वाचायला मागू नको. फॉर्म भरताना ते बघायचा हक्क तू सोडतोस का असं विचारतात, सोडतो म्हण, नाहीतर पत्राला वजन राहत नाही, आणि साहेब पण मोकळेपणानं लिहीत नाहीत.

साहेब नाहीच म्हणाले तर? किंवा तुझी परिस्थिती खरंच अशी असेल की विचारलं की दुसऱ्या दिवशी नोकरी जाईल, तसलेही मालक आहेत, मी पाहिलेत. तर विचारू नको, तो भित्रेपणा नाही. कॉलेजांना हे माहीत असतं, सध्याच्या साहेबांचं पत्र का नाही ते अर्जात दोन-तीन सरळ वाक्यांत लिहायची सोय असते, तिथं रडगाणं नको, साहेबांची निंदा तर नकोच. त्यांच्या ऐवजी आधीच्या कंपनीचे साहेब, याच कंपनीतून बाहेर पडलेले पण तुझं काम बघितलेले सीनियर, किंवा कस्टमरकडचा तो सप्लायर क्वालिटीवाला जो दर महिन्याला येऊन तुझ्याशी रिजेक्शनवरून वाद घालतो. हा शेवटचा तर माझ्या मते फार चांगला, त्यानं तुला अडचणीत पाहिलेलं असतं. कॉलेजमधले प्रोफेसर नको, त्यांनी तुला परीक्षा देताना पाहिलंय, काम करताना नाही.

उद्यमनगरात घरचीच फाउंड्री किंवा मशीन शॉप असलेली पोरं पण हे वाचत असतील, त्यांच्यासाठी: वडील तुमचे साहेब असले तरी वडिलांचं पत्र चालत नाही, काकांचंही नाही, आडनाव वेगळं आहे म्हणून मामाचं पण देऊ नका. मोठा कस्टमर, जुना सप्लायर, कंपनीचे सीए, ज्यांनी तुमच्याशी खरा व्यवहार केलाय असे.

राहिलं ते लिंकचं. कॉलेज साहेबांना इमेलवर लिंक पाठवतं, आणि बऱ्याच युनिटमध्ये साहेबांचा म्हणून जो इमेल असतो तो उघडतो ऑफिसचा मुलगा, म्हणजे दुपारच्या चहापर्यंत सगळ्या प्लँटला कळलं. म्हणून फॉर्ममध्ये टाकायच्या आधी साहेबांनाच विचार कुठला इमेल द्यायचा, शक्यतो कंपनीचा पण फक्त तेच बघतात असा. तीनपेक्षा जास्त कॉलेजं त्यांच्या गळ्यात मारू नको, फॉर्म सारखा असला तरी प्रत्येक ठिकाणी परत लॉगिन करून भरायला लागतो आणि त्यांचा वेळ जातो. त्यांना सांगायची तारीख खऱ्या तारखेच्या पंधरा दिवस आधीची ठेव, मधे एकदाच आठवण कर, रोज नको. आणि सगळ्या कॉलेजांच्या लिंक त्यांना एकदम जाऊ देऊ नको, आधी एकाच कॉलेजची जाऊ दे, त्या दिवशी फोन करून सांग की स्पॅममध्ये पण बघा, ती नीट उघडली, भरली, तुझ्या अर्जात "मिळालं" असं दिसलं की मग बाकीच्या दोन.